गोळ्या नकोत, समुपदेशन परवडत नाही: मग नैराश्यातून बाहेर कसं पडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी, दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेच्या निकालात नाव नाही. तेव्हापासून पाच महिने कशातच मन लागत नाही. पहाटे चारला झोप लागते, अकराला जाग येते. अभ्यासिकेची फी भरली आहे पण पाय तिकडे वळत नाहीत, मेसचा डबा कधी कधी तसाच परत जातो, आईचा फोन वाजला की छातीत धस्स होतं. ‘सगळं संपलं तर बरं’ असं अधूनमधून मनात येतं, पण तसं काही करणार नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे. गोळ्यांची सवय लागेल म्हणून त्या नकोत, समुपदेशकाची फी परवडत नाही, आणि कोणालाही कळू द्यायचं नाही. पुढे सरकारी नोकरीत याची अडचण होईल अशीही धास्ती आहे. तर यातून स्वतःच बाहेर पडता येईल का?

बऱ्याच जणांना येतं. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, गोळ्या लिहून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तरीही हे सांगते. सौम्य ते मध्यम नैराश्यातून माणसं औषधाविना सावरलेली मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. इंग्लंडमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलं आहे की कमी तीव्रतेच्या नैराश्यात औषध हा पहिला उपाय म्हणून सरसकट देऊ नये. रुग्णालाच ते हवं असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे ‘गोळ्या नकोत’ हा तुमचा आग्रह अडाणीपणाचा नाही.

मात्र तुमच्या प्रश्नात तीन नकार एकत्र बांधलेले आहेत आणि ते मला सुटे करावेसे वाटतात. औषध नको, हे तूर्त मान्य. पैसे नाहीत, हेही मान्य, त्यावर मार्ग आहे. पण ‘कोणालाही कळू द्यायचं नाही’ हे मला मान्य नाही. लपून राहावंसं वाटणं हे या आजाराचं लक्षणच आहे. तुम्हाला तो स्वतःचा निर्णय वाटतो, पण आजार तुमच्याकडून तो करवून घेतो. औषधाशिवाय बरी झालेली माणसं मी भरपूर पाहिली. दार लावून, एकट्याने बरी झालेली फार थोडी.

आधी हे किती खोल आहे ते मोजा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांत कामातला रस, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दलचं मत, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थता आणि मरणाचे विचार यांचं काय झालं, हे ती विचारते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. गुण ५ ते ९ आले तर सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० किंवा जास्त आले तर तीव्र. हे निदान नव्हे, पण ताप मोजल्याशिवाय बोलण्यापेक्षा बरं. मी खाली सांगते आहे ते १५ च्या आत असलेल्यांसाठी. १५ ते १९ असतील तर हे करा, पण सोबत एकदा डॉक्टरांना भेटा. २० किंवा जास्त असतील तर एकट्याच्या प्रयोगात वेळ घालवू नका.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, आणि तुमचं त्याचं उत्तर शून्य नाही. ‘संपलं तर बरं’ असं वाटणं आणि कसं, कधी, कुठे याचा विचार सुरू होणं यांत फार मोठं अंतर असतं, पण ते एका वाईट रात्रीत कापलं जाऊ शकतं. म्हणून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. फार बिकट वेळ येईपर्यंत थांबायची गरज नाही, साधं बोलण्यासाठीही हा फोन करता येतो. विचारांना ‘कसं’ची जोड मिळाली, तर त्याच क्षणी खोलीतल्या दुसऱ्या माणसाला सांगा, मनात जी वस्तू येते ती त्याच्या ताब्यात द्या, एकटं राहू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. तेव्हा गोळ्या हव्यात की नकोत ही चर्चा करायची नसते.

आणखी काही परिस्थितींत हा स्वतःचा मार्ग लागू होत नाही. कानात आवाज येत असतील, खाणंपिणं जवळजवळ थांबलं असेल, बाळंतपणानंतर हे सुरू झालं असेल, तर थेट डॉक्टर. पूर्वी कधी काही दिवस किंवा आठवडे झोप न घेताही अफाट उत्साह, मोठमोठे बेत, बेसुमार खर्च असा काळ येऊन गेला असेल, तर हा आजार वेगळा असू शकतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात. गोळ्या आधीच चालू असतील तर हे वाचून त्या परस्पर बंद करू नका.

आता रक्त तपासा. मेसचं जेवण, तेही अर्धवट, बहुधा शाकाहारी आणि वर दिवसभर चहा, असा आहार असलेल्या मुलामुलींत बी-१२ ची कमतरता मला वारंवार दिसते. थायरॉइड मंद असणं आणि रक्त कमी असणं या दोन्हींतही थकवा, जडपणा, उदासी दिसते. टीएसएच (ही थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ एवढ्या तपासण्या पुरे, सरकारी रुग्णालयात त्या स्वस्तात होतात. कमतरता निघाली तर तिची गोळी घ्या. ती मनाची गोळी नाही.

आता मुख्य गोष्ट. निकालानंतर तुम्ही अभ्यासिकेत जाणं बंद केलं. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं असेल, कारण कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही. पण अभ्यासिकेबरोबर आणखी बरंच गेलं: साडेदहाचा कटिंग, कोणाशी तरी झालेला वाद, दुपारचं ऊन, येण्याजाण्यातलं चालणं, एक प्रकरण संपवल्याचं समाधान. या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरच मन रोज थोडं थोडं भरत असतं. त्या गेल्या, मन आणखी खचलं, खचलं म्हणून आणखी काही सुटलं. पाच महिन्यांत हे चक्र इतकं घट्ट झालं आहे की आता निकाल हे मूळ कारण बाजूला राहून चक्रच आजार चालवतं आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात नैराश्याकडे असं पाहिलं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचार बदलण्याची पूर्ण उपचारपद्धती आणि तिच्यातला फक्त ‘हालचाल वाढवा’ हा भाग यांची तुलना केली, तर नुसता तो भागही पूर्ण पद्धतीइतकाच उपयोगी ठरला. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते गोव्यातलं काम. ‘संगथ’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर याच तत्त्वाचा कार्यक्रम तपासला. समुपदेशक होते स्थानिक, साधे लोक, मानसशास्त्राची पदवी नसलेले, या कामापुरते तयार केलेले. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. आणि ही माणसं सौम्य नव्हे, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यातली होती. २०१७ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आहे. महागडा तज्ज्ञ नसला तरी बरंच काही होऊ शकतं, हे मी त्याच आधारावर म्हणते. पण समोर एक माणूस होता, हेही विसरू नका.

हे स्वतः कसं करायचं? पहिला आठवडा काहीही बदलू नका. एका वहीत तासातासाची नोंद करा: काय केलं, आणि मन कसं होतं, ० ते १०. तुम्हाला वाटेल सगळीकडे शून्यच येणार. येत नाही. माझ्याकडे एक निवृत्त एसटी वाहक यायचे (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलला आहे). ‘दिवसभर काळोखच असतो,’ असं म्हणायचे. वहीत मात्र संध्याकाळी सहाला रोज चार लिहिलेलं. तेव्हा ते नातवाला शिकवणीला सोडायला जायचे. त्यांच्या स्वतःच्या लक्षात ते राहिलं नव्हतं, कारण नैराश्यात आठवणही वाईटाकडेच कलते. म्हणून वही हवी. आम्ही तिथूनच सुरुवात केली: नातवाला सोडून परतताना दहा मिनिटं बसस्टँडवर जुन्या सहकाऱ्यांकडे थांबायचं. एवढंच.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज तीन कामं ठरवा. एक शरीराचं, एक माणसांशी संबंध येणारं, एक काहीतरी पुरं करण्याचं. लहान म्हणजे खरोखर लहान. जेवढं जमेल असं वाटतं त्याच्या निम्मं ठेवा. ‘उद्यापासून अभ्यासिकेत आठ तास’ हा बेत पहिल्याच सकाळी मोडतो आणि स्वतःवरचा राग वाढवून जातो. त्याऐवजी शरीराचं काम म्हणजे: ठरलेल्या वेळेला चालत अभ्यासिकेत जायचं, खुर्चीवर २० मिनिटं बसायचं, काही वाचलं नाही तरी चालेल, नंतर उठायची पूर्ण मुभा. माणसांचं काम म्हणजे मेसमध्ये डबा खोलीवर न मागवता तिथे बसून जेवणं. पुरं करायचं काम म्हणजे कपड्यांची एक बादली धुऊन वाळत घालणं.

काम घड्याळावर करायचं, मनावर नाही. ‘मूड आला की जाईन’ यात तुमचे पाच महिने गेले. बरं असताना आधी इच्छा होते, मग आपण उठतो. नैराश्यात हा क्रम उलटा करावा लागतो. आटलेल्या हातपंपात आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा कुठे तो ओढायला लागतो. पहिले आठ-दहा दिवस आनंद मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नका. वहीत फक्त झालं की नाही एवढं लिहा. सलग दोन दिवस झालं नाही, तर काम अर्धं करा. २० मिनिटांची १० करा, १० मिनिटं जमत नसतील तर अभ्यासिकेच्या दारापर्यंत जाऊन परत या. स्वतःला शिव्या घालून कोणाचं नैराश्य गेलेलं मी पाहिलेलं नाही.

अभ्यासाला या तीन कामांत धरू नका, निदान पहिले तीन आठवडे. अभ्यासाशी तुमचं यश-अपयश इतकं जोडलं गेलं आहे की प्रत्येक पान परीक्षा घेतं. आणि परीक्षा सोडायची की आणखी एक प्रयत्न द्यायचा, हा खरा प्रश्न असला तरी आज ठरवू नका. तो टाळायचा नाही, पुढे ढकलायचा आहे. पीएचक्यू-९ चे गुण खाली आल्यावर, किती प्रयत्न, किती पैसे, सोबत दुसरं काय, असा कागदावर मांडून तो सोडवा. तुमचं दुःख खोटं नाही. दोन-तीन वर्षांची मेहनत आणि घरच्यांचे पैसे त्यात आहेत. फक्त त्याचा हिशोब या मनाने करू नका.

झोपेबद्दल मी हट्टी आहे. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. अकरावरून एकदम सहावर येऊ नका. चार दिवस साडेदहा, मग दहा, असं मागे आणत साडेसातपर्यंत या. रात्र कशीही गेली तरी त्या वेळेला उठायचं आणि अर्ध्या तासाच्या आत उजेडात जायचं. कॉटवर फक्त झोपायचं. वाचणं, फोन, विचार करत पडून राहणं दुसरीकडे. एका खोलीत चौघं असताना हे अवघड आहे, मला माहीत आहे. मग जिना, गॅलरी, खालचा कट्टा जे असेल ते वापरा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको.

व्यायामावर खूप लिहिलं जातं, म्हणून मोजकंच सांगते. १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स ब्लुमेंथाल यांच्या गटाने पन्नाशीच्या पुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांवर अभ्यास केला. १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे आणि गोळी घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते. सुरुवातीला गोळीचा परिणाम लवकर दिसला, हेही खरं. त्यातला व्यायाम गटाने, देखरेखीखाली होता आणि आठवड्यातून तीनदा होता. यातलं ‘गटाने’ मला महत्त्वाचं वाटतं. पेठेतून पर्वतीची टेकडी लांब नाही. सकाळी पायऱ्या चढायला एक सोबती मिळाला, तर शरीराचं आणि माणसांचं अशी दोन्ही कामं एकदम होतात.

रात्री दोन वाजता छताकडे पाहत तुम्ही जे करता, त्याला तुम्ही विचार म्हणता. त्याची एक कसोटी आहे. पंधरा मिनिटांनी स्वतःला विचारा, पुढे काय करायचं ते एका ओळीत लिहिता येतं का? येत असेल तर तो विचार आहे. येत नसेल तर ते नुसतं रवंथ आहे, आणि त्याला उत्तर देत बसलात तर ते वाढतं. उठा, जागा बदला, तोंडावर पाणी मारा, हाताला काम द्या. टेलिग्रामवरचे कट-ऑफचे, निकालाचे, निवड झालेल्यांच्या सत्काराचे ग्रुप दोन महिन्यांसाठी बंद करा. त्यातली कामाची माहिती मित्राकडून कळेल.

आता सोबतीचं. घरी लगेच सांगा असं म्हणत नाही. एक माणूस निवडा: खोलीतला सोबती, गावाकडचा मित्र, चुलत बहीण, कोणीही, जो उपदेश कमी करतो. त्याला एवढंच सांगा, ‘पाच महिने मला बरं वाटत नाही. सल्ला नको आहे. रोज रात्री नऊला मी तुला तीन कामं झाली की नाही ते कळवणार, आणि एखाद्या दिवशी कळवलं नाही तर तू फोन कर.’ गोव्यातल्या समुपदेशकांच्या कामातही असा साधा पाठपुरावा होता. आईसाठीही एक वाक्य तयार ठेवा: ‘आई, निकालामुळे मन खचलंय, सावरतोय, आज जास्त बोलत नाही, पण रोज दोन मिनिटं फोन करेन.’ ती घाबरेल म्हणून तुम्ही फोन उचलत नाही. न उचलल्याने ती किती घाबरत असेल याचा विचार करा.

दारू नको, थोडीही नको. ती झोप तोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी चूर्णं, कॅप्सूल ही सुद्धा औषधंच असतात, फक्त मोजून न दिलेली; औषध नको म्हणत ती घेऊ नका. आणि ‘सकारात्मक विचार कर’ असं कोणी म्हटलं तर दुखावून घेऊ नका, पण ते जमत नाही म्हणून स्वतःला दोषही देऊ नका.

हे सगळं किती दिवस? सहा आठवडे. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा भरा. चार आठवड्यांत निदान पाच गुण उतरले तर दिशा बरोबर आहे, चालू ठेवा. सुरुवातीच्या निम्म्यावर आले तर फारच छान. ५ च्या खाली येईपर्यंत वही सोडू नका. सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही आकडा हलला नाही, किंवा मधेच वर गेला, तर पुढच्या उपचाराकडे जा. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचं नैराश्य वर्षभरात आपोआप ओसरतं, असं अभ्यास सांगतात. पण तुमच्या वयात एक वर्ष लहान नसतं, आणि उरलेल्या निम्म्यांत आपण नसू याची खात्री कोणी देत नाही.

त्या वेळेसाठी गोळ्यांबद्दल नीट माहिती असू द्या. नैराश्यावरच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या. सवय लागण्याचा धोका झोपेच्या गोळ्यांचा. नैराश्याच्या गोळ्यांची तशी तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मात्र अचानक बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. पैशांचं म्हणाल तर पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात सोय असते, आणि तिथला खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. तिथे गोळ्यांशिवाय बोलण्याचे उपचारही मागता येतात. गर्दी असते, थांबावं लागतं, पण मागा.

राहिली नोकरीची भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कायद्यात नमूद केलेले मोजके अपवाद सोडले, जसं की कोणाच्या जिवाला धोका असणं किंवा न्यायालयाचा आदेश असणं, तर ती तुमच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. तुम्ही केसपेपर काढला म्हणून कोणी तुमच्या गावी पत्र पाठवत नाही. माझी विनंती एवढीच की वही आजच आणा, आणि तो एक माणूस कोण हे झोपायच्या आधी ठरवा.